सुपारीचं पाऊल

गेल्या वर्षी ऐन आरतीत दाजींचं तवसं विश्रामच्या खांद्यावर पडलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

पाणंदवाडी मिठबावच्या अलीकडे, खाडीला कूस लावून निजलेली. माडांच्या सावलीत पोफळी, पोफळींच्या सावलीत घरं. वाडीच्या देवळात गणपती बसतो आणि त्याच्या माथ्यावर एक लाकडी चौकट टांगतात, तिला म्हणायचं माटवी. त्या पावसात जे जे पिकलं, फुललं, वेलीवर लोंबलं, ते ते तिला बांधायचं. आंब्याच्या पानांचे टाळ, कांगलांचे लाल घोस, कवंडळं, नारळ, चिबूड, दोडकी. आणि बरोबर मधोमध, देवाच्या मुकुटावर, एकच फळ. वाडीत त्या वर्षी निघालेलं सगळ्यांत थोर. ज्या घरचं फळ मधे, त्या घरच्या बाईने चतुर्थीच्या संध्याकाळी पहिली फुगडी धरायची आणि पहिलं गाणं उचलायचं. ह्याला वाडीत मधला मान म्हणतात.

थोर म्हणजे काय, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. थोर म्हणजे वजनाला भारी, झालं. त्यामुळे मान नेहमी तवशाला, म्हणजे पावसाळी थोरल्या काकडीला जायचा, आणि तवसं म्हटलं की दाजींचं. दाजी बोटीवर सारंग होते. दर्यावरून कायमचे घरी आले आणि घरापुढच्या खळ्यातल्या मांडवावर त्यांनी तवशाचा वेल चढवला. सकाळी चहाची कपबशी घेऊन मांडवाखाली उभे राहायचे आणि एकेका तवशाची विचारपूस करायचे. खलाशांना हाका मारायची सवय असलेला तो आवाज, तवशाशी बोलताना मात्र मऊ व्हायचा. तवशी फुगायची. म्हणजे दाजींच्या बोलण्याने फुगायची असं दाजींचं म्हणणं होतं.

मान दाजींच्या घरी गेला की गाणं दाजींच्या बायकोच्या, शर्मिलाच्या गळ्यात पडायचं. आणि शर्मिलाचा गळा म्हणजे खवणीवर करवंटी घासल्यासारखा. ती फुगडी अशी घालायची की नुसतं लुगड्याचं चक्र दिसावं, पण पहिलं गाणं उचलायची वेळ आली की तिच्या तळहाताला घाम सुटायचा. ती कशीबशी पहिली ओळ ओढायची, बाकीच्या बाया ती धावत येऊन झेलायच्या.

ती ओळ असायची सीताकाकीची.

सीताकाकी वाडीच्या खालच्या टोकाला, पाणी लागतं तिथे राहायची. तिच्या परड्यात वेल धरायचा नाही, सावली फार. होत्या त्या फक्त पोफळी, सरळ आभाळात गेलेल्या, वारा आला की एकमेकींच्या कानाला लागणाऱ्या. ती विहिरीवर पाणी ओढता ओढता गाणी जुळवायची. कळशी भरेस्तोवर एक कडवं. वाडीतल्या साऱ्या फुगड्या तिच्याच गाण्यांवर फिरायच्या, पण पहिलं गाणं तिने कधी उचललं नव्हतं. कुणी म्हणालं, काकी, तुम्हीच सुरू करा, तर ती म्हणायची, "मान मागान घेतलो तर तो मान कसलो गो?"

तर गेल्या वर्षी आरतीत सुंभ तुटला आणि तवसं खाली आलं. विश्राम, मंडळाचा अध्यक्ष, देवळाशेजारी ज्याचं किराणा दुकान आहे तो, तबक घेऊन नेमका खाली उभा. खांद्याला लागलं थोडंसंच, पण निरांजन विझलं, मोदक चौफेर सांडले आणि सगळं देऊळ हसून हसून वाकलं. हसणं ओसरलं तेव्हा सीताकाकी मोदक वेचता वेचता म्हणाली, अगदी सहज, "विश्राम रे, माझी सुपारी तवशाएवढी कधी होतली? आणि होवची नसली, तर ह्यो मान काय फक्त वेलीक आसा? झाडाक नाय?"

विश्राम खांदा चोळत होता. पण जवळच तवशाच्या फोडी गोळा करणारी अनुजा थांबली.

अनुजा दाजींची सून. आंबोलीची. नवरा केयूर जहाजावर, आणि ती मालवणच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. रोज ती फळ्यावर जे लिहायची, नेमकं तेच ही बाई मोदक वेचता वेचता विचारत होती. वेगवेगळ्या जातीच्या दोन गोष्टी, एक किलोत मोजायची, एक ग्रॅमात. त्यांतली जास्त थोर कुठली, हे सांगायचं कसं?

यंदा श्रावणात मंडळाची बैठक झाली तेव्हा विश्रामने आधीच सांगून टाकलं, "वजनार मान देवचो नाय. माझो दुसरो खांदो माका व्हयो आसा." मग मान कशावर? बराच वेळ नुसती गजाल झाली. शेवटी दाजीच उठले. "माझी सून काढतली हिशोब. तिचां शिक्षणच तां. ती सांगात तां माका कबूल."

घरी आल्यावर त्यांना वाटलं, आपण काय कबूल केलं ते एकदा विचारून घ्यावं.

"बाबा, समजा तुम्ही आणि सीताकाकी देवळाकडून चालायला लागलात," अनुजा ओटीवर पाय सोडून बसत म्हणाली. "तुमचं पाऊल लांब, काकींचं बारकं. तुम्ही वीस पावलं चाललात, त्याही वीस चालल्या. जास्त कोण चाललं?"

"मी. जागा बघ ना किती कापली."

"पण दमलं कोण?"

दाजींनी सीताकाकीच्या घराच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, "फुडे बोल."

"तवशांची सरासरी धरा दोन किलो. ते तवशांचं घर. सगळी तवशी काही घरात बसून राहत नाहीत. एखादं जरा इकडे, एखादं जरा तिकडे. साधारण किती इकडेतिकडे होतात, तो अंदाज म्हणजे तवशाचं पाऊल. पुस्तकात त्याला प्रमाण विचलन म्हणतात."

"पुस्तक ऱ्हवांदे. पाऊल बरां."

"तसंच सुपारीचंही घर आहे, सुपारीचंही पाऊल आहे, अगदी एवढंसं. आता प्रत्येक फळ आपल्या घरापासून आपल्याच पावलांनी किती लांब गेलं, एवढंच बघायचं. तवसं तवशाच्या पावलांनी, सुपारी सुपारीच्या. जे जास्त पावलं गेलं ते थोर. त्याला म्हणतात प्रमाणित गुण. मग किलो नाही, ग्रॅम नाही, नुसती पावलं."

"म्हणजे लाँच आणि होडी एकाच शर्यतीत सोडूची."

"हो. फक्त लाँचने लाँचसारखं पळायचं, होडीने होडीसारखं."

दाजींनी मांडवाकडे बघितलं. तिथे पानांच्या आड त्यांचं यंदाचं तवसं लोंबत होतं, बाळाला झोळीत घातल्यासारखं त्याला सुती पंच्यात घातलेलं. "चलांदे," ते म्हणाले. "माझां तवसां खंयच्याय पावलांनी पुढेच जातलां."

आत शर्मिला नारळ खवत होती. खवणीचा आवाज मधेच थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला.

अनुजाने घरोघरी निरोप दिला. हरताळकेच्या सकाळी प्रत्येकाने आपली सगळी तवशी आणायची, लहान-मोठी न बघता. आणि आपल्या पोफळीची एक शिपटी, म्हणजे सुपारीचा अख्खा घोस, जसा उतरला तसा. निवडायचं नाही. "आपल्याला घर शोधायचंय," ती म्हणायची, "नुसतेच पाहुणे आणलेत तर घर कसं सापडणार?" बाया माना डोलवायच्या. सीताकाकीकडे ती गेली तेव्हा काकीने पदराच्या गाठीतून एक ओली सुपारी काढली. पोपटी, तुकतुकीत, कोंबडीच्या अंड्याशी स्पर्धा करणारी.

"उंचातल्या पोफळीची," काकी म्हणाली. "हे गेले तेच्या आदल्या वर्षी लावलली. आता खंय तिका अक्कल इली."

"आणि गाणं?"

"जुळवलंय. पण सांगूचंय नाय कोणाक." मग तिने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि हसली. "यंदा फिरतलंय गो. पुढल्या वर्षी ह्ये गुडघे काय म्हणतत कोण जाणे. कदाचित बसान टाळयो मारतलंय."

हरताळकेच्या सकाळी देवळाचा मंडप धुऊन काढलेला. बायांचा उपास, त्यामुळे पोटात काही नाही आणि समोर तवशांचा ढीग. "वास घेवक चलता मां उपासाक?" कुणीतरी विचारलं. विश्रामने दुकानातला डिजिटल काटा आणून ठेवला. अनुजाने खडूने लादीवर एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर रकाने आखले.

आधी तवशी तोलली. साऱ्या वाडीची मिळून तीसेक निघाली. सरासरी निघाली दोन किलो, पाऊल नऊशे ग्रॅमचं. तवशाचं काही खरं नसतं. एकाच वेलावर एक मनगटाएवढं, एक मांडीएवढं. दाजींचं तवसं पंच्यातून बाहेर आलं आणि काट्यावर बसलं. चार किलो आणि वर शंभर ग्रॅम.

"घरापासून दोन पावलं, आणि वर तिसऱ्या पावलाचा तुकडा," अनुजाने सांगितलं. "दोन पूर्णांक तेहेतीस."

दाजींनी सगळ्या मंडपावरून नजर फिरवली. बोटीच्या डेकवरून फिरवायचे तशी.

मग सुपाऱ्या. एकेक सुपारी काट्यावर ठेवायची आणि वजनाप्रमाणे ज्याच्या त्याच्या रकान्यात मांडायची, एकीपुढे एक. हलकी डावीकडे, जड उजवीकडे. ज्या वजनाच्या सुपाऱ्या जास्त, तो रकाना उंच होत जाणार. सगळ्या बाया त्या कामाला लागल्या. मंडपात नुसता ओल्या सुपारीचा हिरवा तुरट वास, बांगड्यांचा आवाज, आणि विश्रामचं पुकारणं. "एकोणतीस. एकतीस. बेचाळीस. तीस." जणू बिनमाळेचा जप चालला होता. हळूहळू लादीवर हिरवी रांगोळी उमटू लागली.

अनुजा ती रांगोळी पुरी होण्याची वाट बघत होती. मुलांना ती सांगायची, निसर्गाला सोडून द्या आपल्या मनाने, तो बहुतेक वेळा एकच आकार काढतो. मधे गर्दी, दोन्ही बाजूंना उतरत उतरत विरळ. देवळाच्या घंटेसारखा. त्याला प्रसामान्य वितरण म्हणायचं. एका पाण्यावर, एका वाऱ्यात वाढलेल्या सुपाऱ्या घंटाच काढणार, ह्याची तिला खात्री होती.

घंटा आली नाही. दोन डोंगर आले.

एक तीस ग्रॅमच्या आसपास. मग दरी. मग दुसरा बेचाळीसच्या आसपास, पहिल्याएवढाच उंच. आणि सीताकाकीची सुपारी, चव्वेचाळीस ग्रॅमची, त्या दुसऱ्या डोंगराच्या गर्दीत जाऊन बसली. बसली कसली, हरवली. काकी वाकून शोधत होती तिला.

आकडे काढले. दोन डोंगरांच्या मधे, जिथे दरीत जेमतेम चार सुपाऱ्या होत्या, तिथे सरासरी येऊन पडली. छत्तीस. आणि एकीकडून दुसरीकडे एवढं अंतर, म्हणून पाऊलही भलतंच मोठं झालं होतं, सात ग्रॅमचं. काकीची सुपारी घरापासून एकच पाऊल आणि वर थोडं.

"म्हणजे दाजी," विश्राम म्हणाला आणि सुंभ आणायला वळला. "यंदा दोन सुंभ बांधूया."

अनुजाने हात वर केला. तिच्या हातात खडू होता, तो तसाच राहिला. निकाल तिच्याच घरचा होता. ती गप्प राहिली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. पण आंबोलीत वाढलेल्या मुलीला डोंगर कळतात. दोन शिखरं आपली आपण उगवत नाहीत.

"विश्रामदादा, हा निकाल मला देता येणार नाही."

"कित्या? बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. पण ह्या सुपाऱ्या एका वाडीच्या नाहीत."

दाजींनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. "सून माझी, तवसां माझां, हिशोब तुझो. आणि मी जिंकलंय तर निकाल देवक येना नाय? हरलो असतंय तर दिलो असतस?"

"बाबा, तसं नाही. हे बघा." ती लादीवर उकिडवी बसली आणि डाव्या डोंगरावरून तिने बोट फिरवलं. "ही आपली वाडी. मधे गर्दी, मग विरळ, मग विरळ. आणि इथे, दरीत, जवळजवळ कुणीच नाही. आपलीच सुपारी असती तर मधल्या वजनाची का नसावी? हा उजवीकडचा डोंगर दुसऱ्या कुठल्यातरी मातीचा आहे. कुठल्या ते मला नाही माहीत. पण दोन ठिकाणची सरासरी काढली की ती कुणाचंच घर नसतं."

ती बोलत होती आणि बाया एकेक करून गणपतीच्या रिकाम्या मखराकडे बघू लागल्या होत्या. एकदम इतक्या जणींना मखरात काय दिसलं असेल, ह्याचं विश्रामलाही नवल वाटलं.

सीताकाकीने आपली सुपारी उचलली आणि पदराला पुसली. "ऱ्हवांदे गो अनुजा. झालां तां झालां. दाजींचां तवसां खरांच बरां आसा. गाणां काय, पुढल्या वर्षी..." ती उठायला गेली आणि गुडघा धरून तिथेच थांबली.

"बसा काकी."

शर्मिला होती. ती खांबाला टेकून उभी होती, ती पुढे आली. आवाज तिचा नेहमीचाच, खवणीचा, पण आज तो मंडपाच्या टोकापर्यंत गेला.

"ती गोणी माझी."

"कसली गोणी?" दाजी म्हणाले.

"माझ्या भावाची, शिरोड्याची. तेच्या बागेत ती नव्या जातीची सुपारी आसा मां, गोल, थोरली. एसटीच्या कंडक्टराकडे दिल्यान. मी मागल्या दारान घराघरात वाटली. म्हटलां, आपल्या शिपटीत मिसळा."

"कित्या पण?"

शर्मिलाने सीताकाकीकडे बघितलं, मग अनुजाकडे. "तू ओटीवर सांगी होतंस तां मी आयकलंय. माका वाटलां, सुपारीची बाजू जेवढी भारी, तेवढी काकींची सुपारी फुडे जातली. थोरल्या सुपाऱ्यो घातल्यो की जोर येतलो."

"आमका पण तसांच वाटलां," मागून दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, आता सुटल्यासारख्या.

सीताकाकी क्षणभर सगळ्यांकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. डोळ्यांत पाणी आलं तरी हसत होती. "गो बायांनो, माझ्या एकल्या सुपारीक तुम्ही सोबतीक गाव घेवन इलास! म्हणान ती गर्दीत हरवली. बाजारात उंच माणूस दिसता तो कित्या? भोवती आमच्यासारख्यो बुटक्यो असतत म्हणान."

अनुजाला वाटलं, वर्गात आपण तास तास बोलतो, त्याऐवजी हे एवढंच सांगावं.

पण दाजी हसत नव्हते. "म्हणजे तू," ते बायकोला म्हणाले, "माझ्या तवशाच्या विरोधात गेलंस."

"तवशाच्या नाय. गाण्याच्या."

"गाणां नको होतां तर माका सांगूक काय झालां?"

"सांगलंय. दर वर्षी सांगलंय. तुमी त्या वेळार तवशाशी बोलत असतास."

ह्यावर मंडपात जे हसू फुटलं त्याने काट्यावरचे आकडेसुद्धा हलले असतील. विश्राम भिंतीला धरून हसला. दाजींनी आधी वर तुळईकडे बघितलं, मग आपल्या तवशाकडे, मग पंच्याने तोंड पुसलं. पंचा खाली आला तेव्हा त्यांच्या मिशा हसत होत्या.

"काढा," ते म्हणाले. "पाहुण्यांका उठवा. जेवणार नायत ते, उपास आसा आज."

बायांना शोधावं लागलं नाही. शिरोड्याची सुपारी गोल होती, बुडाशी बसकी. वाडीची लांबोळकी, शेंड्याला टोकदार. त्या पटापट वेचू लागल्या आणि बघता बघता उजवीकडचा डोंगर विरघळला. ज्या बाया सकाळी चोरून मिसळत होत्या, त्या आता एकमेकींच्या हातांवर मारत वेचत होत्या. "ही तुझी." "माझी नाय, ती बघ, तुझी." गोल सुपाऱ्यांची टोपली भरली.

लादीवर उरला एकच डोंगर. मधे तिशीपाशी गर्दी, दोन्ही बाजूंना उतार, अगदी देवळाची घंटा आडवी ठेवावी तसा. आणि त्याच्या उजव्या पायथ्यापलीकडे मोकळी लादी. एक रकाना रिकामा, दुसरा रिकामा. आणि मग, सगळ्यांपासून लांब, एकटी, पोपटी, सीताकाकीने रकान्यात परत ठेवलेली तिची सुपारी.

आता आकडा काढायची गरज होती असं नाही. तरी अनुजाने काढला. घर तीस ग्रॅमवर, पाऊल चार ग्रॅमचं. "साडेतीन पावलं," ती म्हणाली. "शंभरातल्या अडुसष्ट सुपाऱ्या घरापासून एका पावलाच्या आतच असतात. पंच्याण्णव दोन पावलांत. तिसरं पाऊल ओलांडून कुणी गेलं, इकडे किंवा तिकडे, तर हजारात दोन-तीन. ही त्यांच्याही पुढे गेली."

दाजी उठले. डोंगराच्या पायथ्यापासून सुपारीपर्यंत त्या मोकळ्या लादीवरून ते चालत गेले, म्हणजे फार नाही, हातभरच अंतर, पण ते इतक्या हळू चालले की जणू धक्क्यावरून बोटीकडे निघालेत. सुपारीपाशी उभे राहिले. "एकलीच आसा," ते म्हणाले. दर्यावर पहाटेला लांब एखादा दिवा दिसला की माणूस म्हणतो तसं. मग वाकून त्यांनी ती उचलली आणि विश्रामच्या हातावर ठेवली.

"बांध रे मधे. सुंभ बारीक चलतलो. पडली तरी तुझो खांदो शाबूत."

"आणि ह्यां?" विश्रामने तवशाकडे बोट केलं.

"तेची तवसोळी. माझ्या हातान किसतलंय," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "बोलान बघतंय आधी तेच्याशी."

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. संध्याकाळी मंडप माणसांनी भरलेला. मुंबईची माणसं आलेली, अंगाला अजून प्रवासाचा वास. विश्रामचा भाऊ दत्तप्रसाद माटवीकडे मान वर करून बघत राहिला. "मधे काय बांधूचा विसारलास काय रे? मोकळांच दिसता."

"नीट बघ," दाजी मागून म्हणाले.

"सुंभ दिसता."

"सुंभाच्या टोकाक बघ. दिसली? आता हय ये. हय उभो ऱ्हव." लादीवरचे खडूचे रकाने पुसटसे शिल्लक होते. दाजींनी त्याला खांद्याला धरून बरोबर मधल्या रकान्यात उभं केलं. "ह्यां घर. सगळी दुनिया हय आसपास. आता एक पाऊल टाक. सुपारीचां टाक, मेल्या, तुझां नको." आणि ते त्याला समजावू लागले, जसं काही हे सगळं बोटीवर असल्यापासून त्यांना ठाऊकच होतं. त्या संध्याकाळी मुंबईहून आलेल्या एकेका माणसाला दाजींनी त्या रकान्यांवरून चालवलं. अनुजा प्रसादाच्या गोड तवसोळीचं ताट घेऊन शेजारून गेली तर त्यांनी तिलाही थांबवलं. "प्रमाण काय गो तां? विचलन. हां. पण तू पाऊलच समज रे."

समईच्या उजेडात बाया गोल धरून उभ्या राहिल्या. मधे सीताकाकी. नऊवारीचा काष्टा घट्ट, केसांत अबोलीचा वळेसर. तिने दोन्ही हात पुढे केले आणि कुणाकडे ते सगळ्यांना माहीत होतं. शर्मिला पुढे आली, हातांची तिढी घातली. आज तिचे तळहात कोरडे होते.

काकीने गाणं उचललं. ते नव्हतंच जे ती आठवडाभर पदरात बांधून होती. हे कालपासूनचं होतं.

तवसां निजलां मांडवार, पंचो अंगार घेवन गो,
सुपारी निघाली एकली, वाऱ्याक हाक देवन गो.
तवशाचां थोर पावल, दोन टाकून दमलां गो,
सुपारीचां बारीक पावल, तिनापुढे रमलां गो.
सोबतीक इले शिरोडकर, गोणीत बसान गुपचूप गो,
सुपारी म्हणता, पावण्यांनू, माका एकलांच सुख गो.

शिरोडकरांच्या ओळीला शर्मिलाला हसू आवरेना आणि फुगडी एकदम वेगात गेली. अख्ख्या मंडपाने शेवटची ओळ उचलली. दाजींनी सगळ्यांत मोठ्याने. त्या दोघी फिरत होत्या, फिरत होत्या, काकीच्या गुडघ्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्या पावलांखाली खडूचे रकाने पुसत चालले होते, मधले आधी.

थांबल्या तेव्हा काकी धापा टाकत शर्मिलाच्या खांद्यावर रेलली.

"आणि तां जुनां गाणां, काकी?" अनुजाने विचारलं. "जुळवललां तां?"

"तां?" काकीने श्वास घेतला. मग मान वर करून माटवीकडे बघितलं. पंख्याच्या वाऱ्याने ती एवढीशी सुपारी देवाच्या मुकुटावर झुलत होती, आणि वाडीतलं एकेक माणूस शेजारच्या पाहुण्याला बोट करून ती दाखवत होतं.

"तां पुढल्या वर्षाक ठेवलंय," काकी म्हणाली. "चल गो शर्मिला, आणि एक."